हिरवी वायर

"गाडीत भूत शिरलंय," आई फोनवर म्हणाली.

आमच्या घरात हे वाक्य कोणी सहज उच्चारत नाही. आईनं जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. लिंबातून रक्त कसं काढतात, हे ती दरवर्षी सातवीच्या मुलांना स्वतः करून दाखवायची आणि शेवटी लिंबाचं सरबतही पाजायची (दुसऱ्या लिंबाचं). तेव्हा ती भूत म्हणाली म्हणजे तिला सांगायचं होतं की लक्षणं आहेत आणि कारण सापडत नाहीये.

लक्षणं तिनं रीतसर सांगितली. चावी फिरवून ब्रेक दाबला, सेल्फ मारला की गाडी टकटकटक करते, फिरत नाही. हॉर्न कण्हतो. इथपर्यंत ठीक. पण इंजिन बंद असताना नुसता ब्रेक दाबला की काट्याच्या मीटरमधला दिवा मिणमिणायला लागतो. "मीटरच्या दिव्याचा आणि ब्रेकचा काय संबंध?" तिनं विचारलं. प्रश्न माझ्यासाठी होता, पण सूर सातवी ब चा होता.

गाडी २००४ ची. शंभर सीसीच्या आसपासची, बिनगिअरची स्कूटर, मूळची चंदेरी. आई पंचवटीतून मखमलाबादच्या शाळेत तिच्यावरूनच जायची. निवृत्त झाल्यावर गाडीचा पल्ला आक्रसला. बुधवारी गंगेवरचा बाजार, शनिवारी रविवार कारंजा चौकापर्यंत, महिन्यातून एकदा बँक. (नाशिकबाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, त्यात गल्लत काही नाही.) बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, त्यांची वेगळी मोटारसायकल होती. ते गेल्यावर ती विकली. ही राहिली.

गेल्या सव्वा वर्षात तिच्यात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. ज्या गॅरेजात बदलल्या तिथल्या माणसाला मी दोष देत नाही. सेल्फ टकटकला की शंभरातल्या बहुतेक वेळा बॅटरीच उतरलेली असते. शिवाय नवी, भरलेली बॅटरी टाकली की आठ-दहा दिवस गाडी खरंच चालायची. तिसऱ्या खेपेला मात्र तो म्हणाला, "मॅडम, आता सगळं वायरिंग किट बदला, नाहीतर देऊन टाका. एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता?" आईनं दुसरा पर्याय ऐकला आणि गाडी तशीच ढकलत घरी आणली. अपमान झाला होता. तिचा नव्हे, गाडीचा.

मी पुण्यात बँकेत असते. वीज म्हणजे बटण, एवढंच माझं ज्ञान. पण त्या आठवड्यात काहीतरी चावलं खरं. शनिवारी नाशिकला उतरले ती एम. जी. रोडवरून साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर (व्होल्ट-करंट मोजायचं यंत्र) घेऊनच घरी गेले. आईनं डबी उघडून पाहिली. "शाळेतला यापेक्षा बरा होता," म्हणाली.

पायाखालच्या फळीवरची रबरी चटई काढली, दोन स्क्रू काढले, बॅटरी दिसली. १२ व्होल्ट, ५ अँपिअर-तास. मीटर लावला: १२.६. भरलेली बॅटरी विश्रांतीत असताना एवढंच दाखवते. बाराच्या खाली आली तर तिला उतरलेली समजायचं. म्हणजे बॅटरी धट्टीकट्टी होती. मग एकेक कपलर (वायरींचा जोड) उघडून वायरींवर मीटर टेकवत गेले. ब्रेकच्या स्विचला १२.५. हॉर्नला १२.५. सगळीकडे करंट पोचत होता आणि काहीच चालत नव्हतं. अडीच तासांनी माझ्याकडे वहीचं एक पान भरून आकडे होते आणि ते सगळे बरोबर होते.

याच अडीच तासांत मी एक पराक्रम केला. अर्थिंग बिघडलं असेल, अशी शंका मला तेव्हाच आली होती, हे मी मुद्दाम नमूद करते. घरच्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे न्यूट्रल, परतीची. म्हणून मी एक तुकडा घेऊन काळी वायर बॉडीला जोडून पाहिली. टिच् असा आवाज आला, फ्यूज गेला, आणि आता मीटरचा दिवाही मिणमिणेना. भूत तात्पुरतं पळालं.

नंतर कळलं ते असं. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट, आणि हिरवी म्हणजे अर्थ, परतीची. लाल बॅटरीची कायमची, फिकट हिरवी हॉर्नची, हिरवीवर पिवळी रेघ ब्रेक लाइटची. यामाहात मात्र काळीच अर्थ असते. म्हणजे एका कंपनीच्या गाड्यांवर हात बसलेला माणूस दुसरीच्या गाडीत डोळे झाकून हात घालेल तर माझ्यासारखाच टिच् करेल. रंगांना स्वतःचा काही अर्थ नसतो, कोणीतरी ठरवलेला असतो, आणि प्रत्येकानं वेगळा ठरवला की फ्यूज उडतात. आमच्या इमारतीतल्या तिन्ही मजल्यांवरचे काका लोक एव्हाना पार्किंगमध्ये जमले होते. त्यांच्यात प्लग साफ करावा असं एकमत होतं. कोणत्याही गाडीच्या कोणत्याही आजारावर प्लग साफ करणं हा आमच्याकडचा काढा आहे.

रविवारी पावसानं उघडीप दिली तेव्हा गाडी ढकलत द्वारका चौकाच्या अलीकडे एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. दुकान म्हणजे एक शटर, आत जळालेल्या कॉइलींचा ढीग, बाहेर स्टूल. तिथल्या म्हाताऱ्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हटलं. माझी आकड्यांची वही त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचली. पूर्ण वाचली, हे मला आवडलं.

"ताई, येतंय तर बरोबर," ते म्हणाले. "जातंय कुठून?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी गल्ल्यातून एक जुना होल्डर काढला. ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी, टोकांना चिमटे. टेस्ट लॅम्प. माझा मीटर त्यांनी नाकारला नाही, नुसता बाजूला ठेवला, आणि का ते सांगितलं. त्यांचं हिंदी-मराठी मिश्रण मला हुबेहूब उतरवता येणार नाही, म्हणून माझ्या शब्दांत सांगते.

मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे दहा-पंधरा तारांची वायर तुटत तुटत एका केसावर आली असली, तरी तो १२.६ च दाखवतो. आमच्या नळासारखं आहे हे. तोटी बंद असते तेव्हा पाइपात दाब भरपूर असतो. उघडली की करंगळीएवढी धार. वायरीत दम आहे का हे बघायचं तर तिच्याकडून काम करून घ्यावं लागतं. २१ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर मागतो. केसाएवढ्या तारेला ते पेलत नाही. मीटरला जे दिसत नाही ते बल्बला दिसतं, कारण बल्ब भुकेला असतो.

त्यांनी टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं, दुसरं गाडीच्या उघड्या लोखंडाला. बल्ब लख्ख पेटला. मग तेच दुसरं टोक हॉर्नच्या कपलरमधल्या हिरव्या वायरीवर टेकवलं. बल्ब विडीच्या टोकासारखा लालसर झाला, बस्स. दहा सेकंद. माझे अडीच तास आणि दोन बॅटऱ्या या दहा सेकंदांच्या आसपास कुठेतरी हिंडत होत्या.

इथे थोडं थांबून मीटरच्या दिव्याचं सांगायला हवं, कारण आईचा प्रश्न तोच होता आणि मला तिला उत्तर द्यायचं होतं. आमच्या या जुन्या गाडीत विजेचे दोन संसार आहेत. हॉर्न, ब्रेक लाइट, इंडिकेटर, सेल्फ हे बॅटरीवर, म्हणजे डीसीवर. हेडलाइट, टेललाइट आणि मीटरचा दिवा थेट मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या) कॉइलवर, म्हणजे एसीवर. म्हणून अ‍ॅक्सिलरेटर पिळला की हेडलाइट वाढतो आणि सिग्नलला उभं राहिलं की डोळे मिटायला लागतो. इंजिन बंद तर एसीचे दिवे बंद. पण दोन्ही संसारांची परतीची वाट एकच, हिरवी वायर. ती फ्रेमला जिथे बांधलेली असते तिथून सगळा करंट आपापल्या घरी जातो.

ती वाट बुजली की काय होतं? ब्रेक दाबल्यावर करंट ब्रेकच्या बल्बमधून उतरतो, हिरव्या वायरीत येतो आणि पुढे रस्ता बंद. मग तो जी फट मिळेल तिथे शिरतो. आईची सवय अशी की हेडलाइटचं बटण कायम चालू. (१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना दिवा कायम लागलेलाच असतो, बटणच नसतं. आईनं तो नियम तेरा वर्षं आधीच पाळायला घेतला होता.) तेव्हा करंट त्याच हिरव्या वायरीतून उलटा मीटरच्या आणि टेललाइटच्या बल्बमध्ये चढतो, बटणातून मॅग्नेटच्या कॉइलकडे जातो, आणि कॉइलचं दुसरं टोक इंजिनच्या लोखंडाला असतं म्हणून तिथून एकदाचा बॅटरीकडे पोचतो. घर गाठायला शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून जावं, तसा. जाता जाता शेजाऱ्याचा दिवा मिणमिणतो.

सेल्फचं कोडंही तिथेच सुटलं. सेल्फच्या मोटरला तिची स्वतःची जाड वायर असते आणि ती इंजिनच्या लोखंडातूनच परत जाते. तिला काहीच झालेलं नव्हतं. पण ती मोटर चालू करणारा रिले असतो त्याची कॉइल याच बारीक हिरव्या वायरीवर. रिलेला पुरेसा जोर मिळत नव्हता, तो चिकटायचा, सुटायचा, चिकटायचा. टकटकटक. बॅटरी उतरल्यावर अगदी हाच आवाज येतो, म्हणून सगळ्यांनी बॅटरीकडे बोट दाखवलं. आणि नव्या बॅटरीचे पाव-अर्धा व्होल्ट जास्त असतात, तेवढ्यावर रिले काही दिवस तगून जायचा.

चाचांनी फळी पूर्ण उघडली. बॅटरीच्या खोबणीच्या मागे फ्रेमला एक बोल्ट होता आणि त्याखाली हिरव्या वायरीचं थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी. कडी कसली, एक निळसर हिरवा खडा होता. माझ्या मामांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे हा रंग मी लहानपणापासून ओळखते. मोरचूद. पावसाळी हवेत घडांवर डाऊनी (बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुना भिजवून बोर्डो फवारतात, तोच रंग. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी साठलेली होतीच, म्हणजे चुनाही हजर होता. गाडीनं आपल्यापुरता बोर्डो तयार केला होता.

तांब्याचं मोरचूद व्हायला पाणी लागतं. एवढ्या खाली, एवढं पाणी कुठून आलं? चाचांनी विचारलं, "गाडी पुरात होती काय?"

होती. ४ ऑगस्ट २०१९, रविवार. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात, सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी. आमच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या फळीपर्यंत आलं होतं. आई वरून गॅलरीतून बघत होती आणि मला पुण्याला फोनवर सांगत होती, आता चाकाच्या निम्म्यावर, आता फळीला लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं गाडी धुतली, प्लग पुसला, किक मारली, गाडी सुरू झाली. सगळ्यांनी वाहवा केली. पुराचं पाणी मात्र वायरीच्या प्लास्टिकच्या आत, तारांच्या फटीतून वर चढून बसलं होतं आणि पुढची सहा वर्षं निवांत आपलं काम करत राहिलं. नाशकात पूर मोजायला मारुती आहे. ओसरलेला पूर कुठे कुठे उरलाय, ते मोजायला काही नाही.

दुरुस्ती सांगण्यासारखी फार नाही. थिंबल कापलं. आतली तार काळी निघाली. आणखी दोन इंच कापलं, तरी काळी. काळ्या तारेला शिशाचा डाग बसत नाही, घरंगळतो. तांबं तांबडं दिसेपर्यंत चाचा कापत गेले, मग हिरव्याच वायरीचा नवा तुकडा जोडून डाग दिला, वर तापवून आवळणारी नळी. फ्रेमवरचा रंग बोल्टभोवती खरवडून लोखंड उघडं केलं, नवं थिंबल, दात्यांचा वॉशर, घट्ट बोल्ट, वरून ग्रीसचं बोट. नवा फ्यूज माझ्या खात्यावर. सेल्फ एका फटक्यात लागला. चाचांनी दोनशे रुपये सांगितले. मी तीनशे दिले तर शंभर परत केले आणि म्हणाले, "ते दुसऱ्या फेरीला ठेवा."

दुसरी फेरी? त्यांनी खांदे उडवले. "हा फॉल्ट बॅटरी खात नाही, ताई. बॅटरी खाणारा कोणीतरी दुसरा आहे."

खरं सांगायचं तर मला राग आला. सगळं सुटल्यावर असं कोणी बोलतं का? पण पुढच्या रविवारी आईचा फोन आलाच. गाडी पाच दिवस उभी होती आणि आता खरोखरच बॅटरी उतरली होती. या वेळी टकटकही नव्हती, नुसता एक टक्.

आता मीटरची पाळी होती. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि मीटर मिलिअँपिअरवर ठेवून मधे लावायचा. सगळं बंद असलेल्या अशा गाडीत तिथे जवळपास शून्य यायला हवं. मला ४० मिलिअँपिअर मिळाले. हिशेब सोपा आहे, मी बँकेत असले तरी जमला: ५ अँपिअर-तास भागिले ०.०४, म्हणजे १२५ तास. सव्वापाच दिवस. आई शाळेत जात होती तेव्हा रोजच्या फेरीत हे भरून निघत असणार. बुधवार ते शनिवार उभी राहणाऱ्या गाडीत निघत नव्हतं. एखाद्या खात्यातून महिन्याला बारीकशी रक्कम वळती होत असावी आणि मूळ सूचना कोणी दिली तेच कोणाला आठवत नसावं, तशी ही गळती.

सूचना देणारे बाबा होते. पुढचं कव्हर काढलं तर हेडलाइटच्या मागे काडेपेटीच्या दुप्पट आकाराची एक काळी डबी निघाली, फ्रेमला इन्शुलेशन टेपनं बांधलेली. टेप उन्हाळ्यामागून उन्हाळे खाऊन काकवीसारखी चिकट झाली होती. टेपची शेवटची टोकं दुमडून आत खोचलेली. बाबा वाणसामानाच्या पुडीचा दोराही असाच खोचायचे. मला डबी कशाची हे कळायच्या आधी कोणाची हे कळलं.

२००८ मध्ये आमच्या गल्लीतून दोन गाड्या चोरीला गेल्या होत्या, तेव्हा बाबांनी आईच्या गाडीला चोर-अलार्म बसवून घेतला होता. तो जवळून ट्रक गेला तरी बोंबलायचा. महिन्याभरात त्यांनी भोंग्याची वायर कापली आणि विषय संपला. डबीची वायर मात्र कापली नाही. भोंगा गेला, तरी पहारा चालूच राहिला. कोणी गाडी हलवतं का यावर डबी कान ठेवून बसलेली, ओरडायला तोंड नाही, आणि ४० मिलिअँपिअरवर रात्रंदिवस जागी. बाबा जाऊन आठ वर्षं झाली.

मी डबी हातात घेऊन वर गेले. आई पोळ्या करत होती. काय बोलावं हे मी जिन्यात ठरवत होते, ते वाया गेलं.

"तो भोंगा? अगं, रात्री तीन वाजता सगळी बिल्डिंग उठवायचा. हे बनियनवर खाली पळायचे. काढ, काढ, फेकून दे."

मी दोन वायरी सोडवल्या, टोकांना थिंबल दाबून झाकली, मीटर शून्यावर आला. डबी भंगारात दिली. तिचा रिमोट मात्र आईच्या चाव्यांच्या जुडग्यात अजून आहे. त्यातला सेल कधीच मेला असणार. गाडी लावून जाताना ती न बघता त्याचं बटण दाबते आणि चालू लागते. मी विचारलं नाही.

आता गाडी ठीक आहे. इंजिन चालू असताना, जरा रेस दिल्यावर, बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट येतात, म्हणजे चार्जिंगही चोख. हॉर्न इतका खणखणीत झालाय की पहिल्या बुधवारी बाजारात आईनं दाबला आणि मेथीवाली दचकली, असं तीच सांगते. एकच बारीक खोट उरली आहे. उजवा इंडिकेटर घाईघाईनं लुकलुकतो. मागचा बल्ब कोणीतरी कमी वॅटचा बसवला असणार, त्यानं फ्लॅशरला (दिवा लुकलुकवणाऱ्या डबीला) भार कमी पडतो. १० वॅटचा योग्य बल्ब आणून मी टेबलावर ठेवला आहे, पण दर वेळी बसची वेळ होते.

"राहू दे गं," आई म्हणते. "मी उजवीकडे वळतच नाही. डावीकडून फिरून येते."